चवळीखाऊ सम्राट

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. मोठ्या वाळवंटाच्या दक्षिणेला एक देश होता. तिथे नदीच्या वाळूत सोने सापडायचे, पण चिमूटभर मिठासाठी माणसे तरसायची.

त्या देशात एक गमतीची रीत होती. सरदाराच्या आणि लोहाराच्या घराण्यांत थट्टेचे नाते असे. एकाने भर चौकात दुसऱ्याला 'चवळीखाऊ' म्हणून चिडवावे, दुसऱ्याने सवाई उत्तर द्यावे. रागवायचे मात्र नाही. ज्याला थट्टा सोसत नाही त्याला माणसेही सोसत नाहीत, असे लोक मानत.

एकदा शेजारचा जुलमी राजा तिथल्या एका गावात उंटांवरून आलेले मीठ लुटायला आला. त्याला अडवताना गावचा थोरला सरदार कामी आला. त्याची टोपी धाकट्या भावाच्या, सिरिमानच्या डोक्यावर आली. ती मोठी व्हायची, सारखी कपाळावर घसरायची.

सिरिमान मुळात तापट. त्याने दवंडी पिटवली, "आजपासून गावात कोणी हसायचं नाही!"

गाव मुके झाले. बायका मुसळाने कांडतानाही गाईनाशा झाल्या.

जुलमी राजा पुन्हा येणार होता, म्हणून आसपासच्या गावांचे घोडेस्वार मदतीला आले होते. ते गोरखचिंचेच्या झाडाखाली कुजबुजू लागले, "हसण्यावर बंदी? मग त्या जुलम्यात आणि याच्यात फरक काय?"

त्यांनी घोड्यांवर खोगिरे चढवली. ते निघून गेले असते, तर गाव एका दिवसात बुडाले असते.

तेवढ्यात लोहारांची म्हातारी न्याले काठी टेकत आली.

"काय रे चवळीखाऊ! टोपीखाली डोकं आहे, की नुसतीच चवळी शिजतेय?"

सिरिमानने भाला उचलला. "म्हातारे, माझा भाऊ गेलाय!"

"ठाऊक आहे रे बाळा. रोज सकाळी माझ्याशी भांडायला यायचा तो. हे भांडण तू पुढं चालवणार, की तेही त्याच्याबरोबर पुरायचं?"

सिरिमानने भाला खाली टेकवला. दादाचे उत्तर त्याला पाठ होते. ते आपसूक ओठांवर आले.

"जा गं! तुझ्या चुलीवर पाणीसुद्धा करपतं!"

न्याले खो खो हसली. सिरिमानही हसला, आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदाच ढसाढसा रडला. टोपी घसरून नाकावर आली. ती त्याने तशीच राहू दिली.

घोडेस्वारांनी खोगिरे उतरवली. "ज्याला चिडवता येतं, त्याच्यासाठी लढायलाही बरं वाटतं," त्यांच्यातला एक म्हणाला.

जुलमी राजा आला, तेव्हा सारी गावे एकजुटीने उभी होती. तो आल्या पावली पळाला. मग गावाला गाव जोडले गेले आणि सिरिमान मोठ्या साम्राज्याचा सम्राट झाला. मिठाचे उंट निर्धास्त येऊ लागले.

पण रोज सकाळी सिंहासनाशेजारच्या चौरंगावरून न्याले ओरडायची, "काय रे चवळीखाऊ, झोप झाली का?"

आणि सगळा दरबार सम्राटाच्या उत्तराची वाट बघत बसायचा.

तात्पर्य: ज्याला स्वतःवरचे हसू पचते, त्याच्याच पाठीशी माणसे उभी राहतात.