सटव्याचा पावसाळी जोडा

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आमच्या पणज्यांनीसुद्धा जी गोष्ट डोळे मोठे करून ऐकली त्या काळात, घाटमाथ्यावरच्या दाभेघोळ गावात सटवा नावाचा चर्मकार राहत होता. दाभेघोळचा पाऊस म्हणजे चार महिने नुसतं आभाळ फाटलेलं. त्या पावसात गावची माणसं काय करत, तर जोडे काढून घोंगडीखाली काखेत धरत आणि स्वतः अनवाणी चालत. जोडा भिजला तर कुजेल. पायाचं काय, तो फुकटचा, असा सगळा कारभार! मग श्रावण लागेपर्यंत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या, टाचा पांढऱ्याफटक पडून सोलायच्या आणि धडधाकट बाप्ये भिंतीला धरून चालायचे.

सटव्याला हे बघवत नसे. त्याची बायको ठकू चुलीशी पाय शेकत कण्हायची. आपण जोडे शिवतो आणि खऱ्या गरजेच्या वेळी ते काखेत जातात, हे काही त्याच्या मनातून जाईना.

असं म्हणतात, की सात पावसाळे तो एकाच जोड्यापाठी लागला होता. म्हशीचं जाड कातडं त्यानं हिरड्याच्या पाण्यात मुरवलं. तळ आणि बाजू एकाच तुकड्यातून वर वळवल्या, म्हणजे खाली कुठं टाकाच नको. नडगीजवळच्या टाक्यांत मेण आणि राळ भरली. जोडा तयार झाला की त्यात काठोकाठ पाणी ओतून तो पडवीतल्या वाशाला टांगायचा आणि खाली चुलीतली राख पसरायचा. दिवस मावळेपर्यंत राखेवर एक ठिपका जरी पडला, तरी सगळी शिवण उसवायचा. गाव हसायचं. "सटवा, आता माशांस्नी बी जोडं शीव," असं येता-जाता कुणीतरी म्हणायचंच.

आठव्या वर्षी राख कोरडी राहिली.

पण जोडा हवा तर त्याची एक अट होती. पाय त्याच्या हातात द्यायचा. एकदा कोरडा, आणि एकदा घटकाभर पाण्यात बुडवून फुगलेला. "कोरडा पाय येगळा, वला पाय येगळा. जोडा दोघांस्नी मानवला पायजे," असं तो म्हणे. आता आली का पंचाईत? त्या काळी गावाला सटव्याच्या हातचा जोडा चालायचा, पण सटव्याचा हात चालत नसे. तो शिवला की विटाळ! तरी चिखल्यांनी जेरीस आलेल्या अकरा जणांनी डोळे घट्ट मिटून पाय पुढे केले. शिदोजी पाटील मात्र फार हुशार. त्यानं घरच्या घरी कोरड्या पायाभोवती दोरी धरली, तिला गाठी मारल्या आणि ती गड्याबरोबर धाडून दिली. सटव्याला ती दोरी बघून वाईट वाटलं. पण पाटलाला नाही कसं म्हणणार? त्यानं गाठींबरहुकूम जोडा शिवून दिला.

त्याच वर्षी तो पाऊस आला. नऊ दिवस खळ नाही. गावाच्या डोक्यावरचं तळं तुडुंब झालं आणि मातीचा बांध झिरपू लागला. खाली चाळीस घरं, गोठ्यात बांधलेली गुरं, पाळण्यातली पोरं. दोन्ही अंगांनी ओढे फुगलेले, त्यामुळे पळायलाही वाट नव्हती. टेकडीच्या पोटातली माती पाट्यांनी हातोहात आणून झिरपा बुजवायचा, एवढंच हातात होतं. सगळा गाव रांगेत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी पाय गेले. चिखलात उभी राहून माणसं हुंदके देत खाली बसली. उभे उरले ते अकरा जोडेवाले, बारावा सटवा आणि तेरावा पाटील. तेरा माणसांनी हात लांबवले की माती जेमतेम झिरप्यापर्यंत पोचायची. बारा जणांनी पोचली नसती.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पाटील कोसळला. जोड्यात पाण्याचा थेंब नव्हता, पण दोरीनं मापलेल्या त्या जोड्यात फुगलेला पाय कोंडून काळानिळा पडला होता. "सटवा, चिर हा जोडा!" तो ओरडला. सटव्यानं कातडं कापायच्या रापीनं जोडा चिरला, आणि पाटलाचा पाय पहिल्यांदाच त्याच्या हातात आला. त्यानं तळव्यावरून अंगठा फिरवला, टाचेला ओंजळ लावली आणि तो थबकला. उभ्या जन्मात त्यानं हजार जोडे शिवले होते, पण असा पाय त्याला एकच ठाऊक होता.

"पाटील," तो म्हणाला, "ह्यो तर माजाच पाय हाय."

तीच लांबी, तोच चवडा, अंगठ्याशेजारचं बोट तसंच पुढे आलेलं. सटव्यानं स्वतःचे जोडे उतरवले आणि त्याच्या पायांत चढवले. ते अगदी नेमके बसले.

"आन् तू रं?" पाटलानं विचारलं.

"उठा. पाटी आली," सटवा म्हणाला आणि अनवाणीच झिरप्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

दोन दिवस तो तिथून हलला नाही. हाती आलेली माती तो पायांनी दाबत राहिला. असं म्हणतात, की पाणी त्याच्या पावलांपर्यंत यायचं आणि संकोचून बाजूला व्हायचं. असं म्हणतात, की त्याच्याभोवतीचा बांध भर पावसात खळ्यासारखा टणक वाळत गेला. पाचव्या दिवशी आभाळ उघडलं. गाव वाचलं! लोक आनंदानं ओरडत त्याच्याकडे धावले, आणि जवळ जाऊन जागच्या जागी थांबले. सटवा उभ्यानंच गेला होता.

त्याला आडवा केला तेव्हा साऱ्यांनी पाहिलं. पावलांवर एक सुरकुती नव्हती, आणि टाचांना वैशाखातली कोरडी धूळ लागलेली होती. ठकू पायाशी बसून राहिली. मग पाटलाकडे बघून म्हणाली, "त्येंचं जोडं त्येंस्नी घाला." शिदोजी पाटील चिखलात गुडघ्यांवर बसला. ते पाय त्यानं मांडीवर घेतले, धूळ कपाळाला लावली आणि आपल्या हातांनी एकेक जोडा चढवला. तेव्हा विटाळाचं नाव कुणीही काढलं नाही, आणि त्यानंतर कधीच काढलं नाही.

तो बांध अजून फुटलेला नाही. आता जोडे तालुक्याच्या बाजारातून येतात, रबराचे आणि आणखी कसले कसले. दाभेघोळचं गिऱ्हाईक दिसलं की दुकानदार मुकाट्यानं पाण्याची बादली पुढे सरकवतो, कारण ही माणसं जोडा भरून पाहतात आणि पाय भिजवून मगच पसंत करतात, हे त्याला ठाऊक झालं आहे. पण दर वर्षी मृगाआधी सगळं गाव बांधावर जमतं. पाटलाच्या घरचा थोरला, मग तो शहरात केवढा का साहेब झालेला असेना, त्या दिवशी गावी येतो आणि मातीत खाली बसतो. सटव्याच्या आळीतली माणसं एकेक करून पुढे येतात, अगदी तान्ही पोरंसुद्धा. तो प्रत्येकाचा पाय मांडीवर घेतो, त्याला करंजीचं तेल चोळतो आणि माप घेतो. शेवटचा पाय हातातून सुटेपर्यंत त्याला उठायची परवानगी नसते.