चिंचेखालच्या गाठी

वेळ दिवेलागणीची. ठिकाण, ओढ्याकाठच्या एका गावातला चिंचेखालचा पार. आणि काळ इतका जुना, की तिथल्या राजाचं नावही आज कोणाला आठवत नाही.

त्या गावात दर पौर्णिमेला लोक पारावर जमायचे आणि आपल्यातल्याच माणसांची बोलणी ऐकायचे. बोलणारा पंडितच असायला हवा असं नव्हतं. ज्याला काही सांगायचं असेल त्याने उभं राहायचं, पाण्याने भरलेला तांब्या एका हातात घ्यायचा, हात समोर ताठ धरायचा आणि बोलायचं. हात थकला, तांब्या खाली आला, की बोलणं संपलं. गावच्या पैलवानाला या नियमाचा फार अभिमान. त्याचा हात खाली येईपर्यंत अर्ध्या गावाची एक डुलकी व्हायची.

पण काय संध्याकाळी असायच्या त्या! उकडलेल्या शेंगांची टोपली एकाकडून दुसऱ्याकडे फिरायची. चिंचेवर बगळ्यांची भांडणं चाललेली असायची. कोणी सांगायचं, मधमाशी चावली तर काय लावावं. एक म्हातारी दर वेळी उठून सुनेची तक्रार करायची, आणि सून पुढच्या वेळी उठून सासूची नक्कल करायची. एकदा एक माणूस समुद्र पाहून आला. तो म्हणाला, "पाणी खारट आहे, आणि कोणाच्याच मालकीचं नाही." एवढंच बोलून तो खाली बसला. लोक कितीतरी दिवस त्या वाक्यावर वाद घालत होते.

या सगळ्यात एक रीत होती, आणि गाव उभं होतं ते त्या रीतीवर. बोलणाऱ्याने एखादी अडचण सांगितली आणि ऐकणाऱ्याला वाटलं की हे काम आपण करू, तर त्याने तिथल्या तिथे उपरण्याला गाठ मारायची. बाईने पदराला मारायची. काम झाल्याशिवाय ती गाठ सोडायची नाही. पुढच्या पौर्णिमेला सगळ्यात आधी विचारणा व्हायची, "कोणाची गाठ राहिली?" राहिली असेल त्याने सगळ्यांसमोर उभं राहून कारण सांगायचं.

त्यामुळे गाठ लपत नसे. पंगतीत वाढणारी बाई गाठ बघून विचारायची, "काय भावोजी, सुटायची कधी? का हिच्यासकट सरणावर जायचं?" भावोजी हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी कोणाची तरी पडलेली भिंत उभी राहायची. कधी एकही गाठ पडत नसे. मग अडचणीतला माणूस समजून जायचा की इथे कोणी येणार नाही, आणि आपली दुसरी सोय बघायचा. त्यात कोणाला राग नव्हता.

ही रीत पुराने नेली नाही की परचक्राने मोडली नाही. ती मोडली गावच्या पाटलाने, उघड उघड, सगळ्यांच्या देखत. आणि सगळे हसत होते.

झालं असं. राजाचा एक अधिकारी पाहुणा म्हणून आला. पाटलाने त्याला पारावर आणलं. मानाचा वक्ता म्हणून त्याच्या हाती तांब्या दिला तो रिकामा, म्हणजे हात दुखायला नको. अधिकाऱ्याने आपण मारलेल्या वाघाची गोष्ट सांगितली. मग दुसऱ्या वाघाची सांगितली. बोलून झाल्यावर त्याने समोर पाहिलं, तर एकाच्याही उपरण्याला गाठ नाही. मेलेल्या वाघासाठी कोणी काय करायचं? पण अधिकाऱ्याचं तोंड उतरलं, आणि ते पाहून पाटलाचं त्याहून जास्त उतरलं.

पुढच्या पौर्णिमेला पाटलाने सांगितलं, "यापुढे प्रत्येक बोलणाऱ्यासाठी सगळ्यांनी गाठ मारायची. पाहुण्याचा मान राहिला पाहिजे. घरी जाताना सोडून टाका. कोणाला त्रास नाही."

एक म्हातारा कोष्टी उठला. "पाटील, मग खरी गाठ ओळखायची कशी?"

"बाबा, तुम्ही माया ओळखा की! गाठी कसल्या मोजताय?" पाटील म्हणाला.

सगळा पार हसला. कोष्टी खाली बसला.

त्या दिवसापासून गाठीच गाठी. वाघाला गाठ, सासूच्या तक्रारीला गाठ, पैलवानाला तर झोपेतून उठून गाठ. घराकडे वळताना चालता चालता बोटं ती सोडून टाकायची. कोणाची गाठ राहिली, हे विचारणं आपोआप थांबलं. राहतच नव्हती.

ओढ्याच्या पलीकडे एक वाडी होती. मधे जायला-यायला लाकडी साकव, म्हणजे छोटा पूल. या गावची एक मुलगी त्या वाडीत दिली होती. लहानपणी ती आजोबांच्या मांडीवर बसून पारावरची बोलणी ऐकायची. आजोबांच्या उपरण्याची गाठ बोटांनी चाचपून विचारायची, "ही कोणाची?" आजोबा त्या माणसाचं नाव सांगायचे. लग्न झाल्यावर तिचं पौर्णिमेला येणं राहिलं. नवी रीत तिला कोणी सांगितली नाही.

तिचे दिवस भरत आले तेव्हा ती एका पौर्णिमेला साकवावरून अलीकडे आली. एक हात पोटावर, एका हातात तांब्या. म्हणाली, "साकवाचा मधला खांब खालून पोखरलाय. माणूस चढला की हलतो. सुईणबाई राहतात इथे, मी तिकडे. परतीचा पाऊस आला आणि साकव गेला, तर त्या येणार कशा? कोणीतरी खांब बदलून द्या. एवढंच."

तिने समोर पाहिलं. पाटलाने गाठ मारली. पैलवानाने मारली. बायकांचे पदर हलले. सगळा पार गाठींनी भरून गेला. तिचे डोळे भरून आले. आजोबांच्या वेळीही एका माणसासाठी एवढ्या गाठी तिने कधी पाहिल्या नव्हत्या.

घरी नवरा म्हणाला, "तरी मी तुला उद्याच माहेरी नेऊन ठेवतो. सुईण शेजारीच असेल."

"काही नको. गाई कोण बघेल? अहो, सगळ्या गावाने गाठ मारलीय. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी!"

ती राहिली. तिने दुसरी सोय केली नाही.

वरच्या डोंगरात पाऊस झाला. सकाळी ओढा चढला, दुपारी साकव गेला, आणि त्याच दुपारी तिला कळा सुरू झाल्या. सुईणबाई अलीकडच्या काठावर उभी राहून पलीकडे ओरडून सांगत होती, "तिला कुशीवर वळवा! कुशीवर!" नवरा दारातून कानाला हात लावून ऐकत होता. मधे पाण्याचा आवाज होता. सगळं गाव दोर, बांबू, शिड्या घेऊन काठावर आलं. त्या दिवशी त्यांनी खरोखर जीव तोडून खटपट केली. दोर पलीकडे पोचला तेव्हा घरात सगळं संपलं होतं. ती वाचली. मूल रडलंच नाही.

पुढच्या पौर्णिमेपर्यंत ओढा उतरला होता. नवऱ्याचा हात धरून पाण्यातून चालत ती पारावर आली. तांब्या तिने घेतला नाही.

"मला बोलायचं नाही," ती म्हणाली. "विचारायचंय. त्या दिवशी ज्याने गाठ मारली, त्याने उभं राहावं."

पाटील घसा साफ करून म्हणाला, "पोरी, सगळ्यांनीच मारली होती गं. सगळ्यांनाच वाईट वाटतंय."

"सगळ्यांनी नको, पाटीलकाका. एकाने उभं राहा. जो जाणार होता त्याने."

कोणी हललं नाही. ती वाट पाहत राहिली. तेव्हा, तिचं बोलणं संपलं असं समजून, सवयीने, एकामागून एक सगळ्यांचे हात आपापल्या उपरण्याकडे, पदराकडे गेले.

तिने ते पाहिलं आणि ती निघून गेली. त्यानंतर त्या पारावर कोणी काही सांगायला उभं राहिलं नाही. शेंगांची टोपली फिरणं थांबलं. आता तिथे पौर्णिमेला फक्त चांदणं पडतं.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, तुम्हीही ऐका: मदतीचा देखावा नकाराहून वाईट, कारण नकार मिळालेला माणूस निदान दुसरी वाट शोधतो.

साकव नंतर नवा बांधला, चांगला भक्कम बांधला. पण ती तांब्या धरून बोलली त्या पौर्णिमेनंतर खांब बघायला कोण जाणार होतं, ते त्या गावाने आजवर सांगितलेलं नाही.