फुटका घट

मुलींच्या वसतिगृहाचं भूमिपूजन होतं. कुदळ पडणार, तोच भूगर्भशास्त्रज्ञ केतकी धारप पुढे आली. "थांबा! इथे खाली भूकवचाला भेग आहे, तिच्यात ताण साठतोय. भूकंप झाला तर इमारत मुलींवर कोसळेल."

आमदार दौलतराव खेकसले, "वर तर एक चरा नाही. पाताळात उतरून पाहिलंस का, बाई?"

मांडव हसला. दौलतरावांनी हातातली कुदळ काखेत धरली, पूजेचा मातीचा घट उचलून सवयीने बोटाने वाजवला. आवाज बद्द आला. "हा फुटका आहे. दुसरा आणा."

"वर तर एक चरा नाही, साहेब. आत उतरून पाहिलंत का?"

केतकीने जमिनीकडे बोट दाखवलं.

"आम्हीही जमिनीवर घाव घालून आतला आवाज ऐकतो. पूजेला फुटका घट चालत नाही, मग मुलींना फुटकी जमीन कशी चालते?"

दौलतरावांनी घट खाली ठेवला. मग कुदळही.