घोड्याची साक्ष

सगुणा गवळणीच्या गोठ्यातलं शेणामुताचं पाणी उताराने ओढ्याकडे जाई. पण वाटेत तिने वीस पावलं रुंद दाट गवताचा पट्टा राखला होता. त्यात ती म्हैस कधी सोडत नसे, विळ्यानेच चारा कापून नेई. खालचं गाव त्या ओढ्याचंच पाणी पीत होतं.

एक दिवस इनामदार घोड्यावरून आले. "सगुणे, एवढी चांगली जमीन गवताला? उद्या नांगर घालतो इथं."

"सरकार, हे गवत पाणी गाळतं."

"कोण म्हणतं?" इनामदार खो खो हसले.

गावातल्या घागरी सगुणेच्या डोळ्यांपुढे आल्या. मग ती म्हणाली, "घोडा तहानलाय तुमचा."

तिने लगाम धरून घोड्याला आधी पट्ट्याच्या वरच्या डबक्याशी नेलं. त्याने नाक फेंदारून मान फिरवली. मग तिने त्याला पट्ट्याखालच्या डबक्याशी नेलं. तिथं तो घटाघटा प्यायला.

इनामदार बघतच राहिले.

"घोड्याला पटलं, सरकार," सगुणा म्हणाली. "आता तुम्हीच तेवढे राहिलात."

नांगर काही आला नाही. पुढच्या वर्षी इनामदारांच्या पागेखालीही गवत राखलेलं दिसलं.