टाकीचं झाकण

दिनकर मगदूमने वडिलांची जुनी राजदूत पुन्हा उभी केली, इंजिन बोलतं केलं, आणि अडलं कुठे, तर पेट्रोलच्या टाकीच्या झाकणापाशी! मूळ झाकण रस्त्यात कुठेतरी उडून पडलं होतं. टाकीच्या तोंडात फडकं कोंबून माणूस गाडी किती दिवस चालवणार?

जुने पार्ट अख्ख्या गावात एकट्या चंद्राप्पा शेठकडे. शेठ गादीवरून मान वर न करता म्हणाले, "जुनं झाकण दाखवा, मापाला माप लावून देतो."

"अहो, ते हरवलंय म्हणून तर आलोय! गाडी दारात आहे, टाकीचं तोंड मोजून बघा."

"नमुन्याशिवाय गोदाम उघडत नाही. आपल्याकडे शिस्त आहे."

दिनकर रोज खेटे घालायचा आणि रोज हेच ऐकून दात-ओठ खात परतायचा.

एका सकाळी तो आला, तर दुकानात नुसता गोंधळ. मालाचा ट्रक दारात उभा, गोदामाची किल्ली गायब, आणि शेठ घामाघूम होऊन हमालांवर खेकसत होते. किल्ली पायरीच्या कडेला पडली होती. दिनकरने ती उचलून मुठीत धरली.

"शेठ, मला एक किल्ली सापडलीय. तुमची जुनी किल्ली दाखवा, मापाला माप लावून देतो."

"डोकं फिरलंय का तुमचं? ती हरवलीय म्हणून तर शोधतोय!" शेठ ओरडले, आणि ओरडता ओरडताच त्यांनी जीभ चावली.

हमाल तोंड फिरवून हसू लागले. दिनकरने मूठ उघडली.

"घ्या. आपल्याकडे एवढी शिस्त नाही. आत जाताय, तर येताना माझं झाकण तेवढं घेऊन या."