रिकामा डफ

फार फार वर्षांपूर्वी, राजाची आज्ञा डफाच्या तालावर गावोगाव पोहोचत असे, त्या काळची ही गोष्ट आहे.

एका राज्यात दवंडी पिटणारा एक वृद्ध होता. तेथील रीत अशी की, दवंडी संपल्यावर त्याने डफ उताणा धरावा आणि ज्यांना आज्ञा पटली त्यांनी त्यात मूठभर ज्वारी टाकावी. पूर्वी डफ शिगोशीग भरे. पुढे देवीचा दृष्टांत झाल्याचे सांगून डोंगरावरची राई तोडण्यात आली, आणि तिचे लाकूड राजवाड्याच्या छताला लागलेले लोकांनी पाहिले. तेव्हापासून डफात दाणा पडणे दुर्मीळ झाले.

एका श्रावणात वृद्धाला नवी दवंडी मिळाली. देवीचा पुन्हा दृष्टांत झाला आहे, गावावरचा तलाव तत्काळ रिकामा करावा.

तलाव म्हणजे गावाचे वर्षभराचे पाणी. बायका घागरी घेऊन, तलावाचे पाणी जिथून सोडतात त्या मोरीवर ठाण मांडून बसल्या. सर्वांत पुढे होती ती वृद्धाची स्वतःची लेक. तिचे घर तलावाच्या बांधाच्या अगदी पायथ्याशी होते.

तिच्या शेजारची म्हातारी म्हणाली, "दृष्टांत द्यायला देवीला दरवेळी राजवाडाच बरा सापडतो. आमच्या झोपडीची वाट तिला ठाऊकच नाही वाटतं."

सगळ्या हसल्या. लेक तेवढी हसली नाही. "आबा, तुम्हांला तरी हे खरं वाटतं का?" तिने विचारले.

वृद्धाने रिकामा डफ उचलला आणि राजवाड्याची वाट धरली.

तो दरबारात परतला, तेव्हा सैनिक पाठवून मोरी मोकळी करून घ्यावी, असे प्रधान राजाला सुचवीत होता. वृद्धाने रिकामा डफ राजापुढे ठेवला.

"महाराज, मोरीवर माझी लेक बसली आहे. तिच्यावर काठी उगारली जाणार असेल, तर ती कशासाठी, एवढे मला कळू द्या."

राजाने प्रधानाला हाताने थांबविले. मग त्याने सांगितले. नौकाविहारासाठी त्याने बांधाची उंची वाढविली होती. ते ओझे जुन्या बांधाला पेलले नाही. पायथ्याशी गढूळ पाणी पाझरू लागले होते. खरे सांगितल्यास दोष राजाच्या माथी येईल, म्हणून प्रधानाने देवीला पुढे केले होते.

वृद्धाच्या डोळ्यांपुढे लेकीचे घर उभे राहिले. "म्हणजे संकट खरे आणि कारण तेवढे खोटे," तो म्हणाला. "मग हे काम माझ्या डफाने होणार नाही. महाराज, आपणांलाच यावे लागेल."

राजा सैनिक न घेता, पायी आला. मोरीपाशी उभा राहून म्हणाला, "दृष्टांत झाला नव्हता. बांध मी उंचावला, तो आता फुटू पाहतो आहे. माझ्या शब्दावर विसंबू नका. खाली उतरून पाहा."

म्हातारी काठी टेकीत बांधाखाली उतरली. पाझर त्या बांधाला नवा नव्हता. त्याचे निर्मळ पाणी गाव पिढ्यान्‌पिढ्या पीत आला होता. तिने ओंजळ भरली. पाणी निथळून गेले आणि तळव्यावर माती उरली.

"बांध आतून धुपतो आहे," ती म्हणाली. "एवढंच सांगायचं होतं, तर देवीला कशाला शिणवलंत?"

मोरी उघडायला मग कोणाची आज्ञा लागली नाही. घरोघरचे रांजण भरले गेले आणि उरलेले पाणी नदीला मिळाले. राजाने आपल्या वाड्यातल्या विहिरी गावाला खुल्या केल्या.

भाद्रपदातल्या एका मुसळधार पावसात बांध मधोमध खचला. तलावात तेव्हा गुडघाभरच पाणी होते. ते लेकीच्या अंगणातून वाहत आले, उंबऱ्यापाशी घुटमळले आणि ओसरले. वृद्ध धापा टाकीत पोहोचला, तर लेक खराट्याने अंगणातला गाळ लोटीत होती. तो उंबऱ्यावर बसला आणि कितीतरी दिवसांनी त्याने मोकळा श्वास घेतला.

पुढच्या दवंडीत आज्ञेच्या आधी कारण होते: बांध राजाच्या हौसेपायी खचला, तो जुन्याच उंचीचा पुन्हा बांधायचा आहे. वृद्धाने डफ उताणा धरला. पहिली मूठ लेकीने टाकली, दुसरी म्हातारीने. घरी जाताना त्याला डफ दोन्ही हातांनी धरावा लागला.

ज्याने त्याने मनाशी जपावे ते एवढेच: कारण खोटे सांगितले, की खरे संकटही लोकांना खोटे वाटू लागते.