मोहरेवरची रेघ

पूर्वी शूर्पारक बंदरावर धृतसेन नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व माल पोचवणाऱ्यांच्या कुळात जन्माला आला होता. लोक त्याला नाईक म्हणत.

आता माल पोचवणारा म्हणजे कोण, ते आधी ध्यानात घ्या. माल त्याचा नसे. बैल त्याचे नसत, गलबतही त्याचे नसे. पण घाटावरच्या गावात विणकराच्या दारातून कापडाची गासडी उचलली, की ती समुद्रापल्याड बावेरूच्या वखारीत जाऊन पडेपर्यंत तिची काळजी त्याची. तांडा कधी हलवायचा, घाट कुठल्या वाटेने उतरायचा, खाडीत पडाव, म्हणजे माल वाहणाऱ्या होड्या, कधी लावायचे, गलबतात कुठला माल खाली अन् कुठला वर, हे सगळे त्याच्या डोक्यात. विणकर काही बावेरू पाहायचा नाही, आणि बावेरूचा वखारवाला काही विणकराचे घर पाहायचा नाही. दोघांच्या मध्ये हा एक माणूस.

आणि त्या माणसाची मोहोर. खाडीवर गासडी आली, की तिच्या गाठीवर ओल्या मातीचा गोळा थापायचा आणि त्यावर मोहोर दाबायची. नाईकाच्या मोहरेवर उघडा तळवा कोरलेला होता. त्याचा अर्थ असा, की ह्या मालात माझा हात जाऊन आला आहे. रीतच होती तशी. दहांतली एक गासडी सोडायची आणि कोपरापर्यंत हात आत घालून कापड कोरडे आहे का बघायचे. पण तांडा पाण्यातून आला असेल, तर दहांतली एक चालत नसे. मग एकूण एक गासडीत हात घालायचा. कारण कापडाची गासडी वरून उन्हाने वाळते, पोटात मात्र ओल धरून ठेवते. बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही.

वीस वर्षे नाईकाचा माल कधी चुकला नव्हता, आणि कधी एकही गलबत चुकले नव्हते. ह्या दुसऱ्या गोष्टीचा त्याला मनातून फार अभिमान होता. राजा दरवर्षी बंदराच्या पूजेला त्याला मानाचा शेला देई, तो ह्यासाठीच.

एका वर्षी कार्तिकात वेळूगावच्या विणकरांच्या चाळीस गासड्या निघाल्या. वेळूगावचे कापड बारीक, त्याला निळी कड. ती कड दिसली की बावेरूचे लोक दुसरे कापड बघत नसत. गावच्या सगळ्या चुली त्या कडेवर चालायच्या. तिथली सिरिमा म्हणून म्हातारी होती, गासड्या बांधायचे काम तिचे. बांधण्याआधी प्रत्येक ठाण ती गालाला लावून बघे. हाताला न कळलेली ओल गालाला कळते, असे ती म्हणे.

तांडा हाकीत होता मल्लक. तो घाटाखाली आला तेव्हा अवकाळी पाऊस वर कुठेतरी पडून गेलेला, नदी भरलेली. मल्लकाने पाण्याला उतार कुठे आहे ते न बघता बैल पाण्यात घातले. बारा गासड्या भिजल्या. त्याने दोन दिवस त्या कातळावर उन्हात मांडल्या आणि मग खाडीवर आणल्या.

इकडे तांडेल गलबतावर उभा राहून ओरडत होता, "नाईक, ओहोटी लागते आहे. ही भरती गेली की मी आठ दिवस हलणार नाही, आणि आठ दिवसांनी हा वारा राहील का, ते तुम्ही मला सांगा."

मल्लक धावत आला. त्याने नाईकाला बाजूला घेतले. "नाईक, नदीत पाणी लागलं होतं बारा गासड्यांना. पण वाळवलंय. हात लावून बघा, पापड झालेत नुसते."

नाईकाने वरून हात लावला. खरेच, पापडासारख्या कडक. चाळीस गासड्या सोडायच्या, हात घालायचा, पुन्हा बांधायच्या, म्हणजे दिवस मोडणार. गलबत जाणार. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"माती आणा," तो म्हणाला.

चाळीस वेळा त्याने मोहोर दाबली. हात एकदाही आत गेला नाही. गलबत वेळेवर निघाले. काठावरच्या लोकांनी म्हटले, नाईकाचं काही चुकत नाही.

त्या दिवशी जेवताना त्याला आपल्याच उजव्या हाताकडे बघवेना. बायकोने विचारले, "भात कोरडा झाला का?" तो म्हणाला, "नाही, बरा आहे." आणि त्याच दिवसापासून त्याला तो हात उपरण्याखाली ठेवायची सवय लागली. मार्गशीर्ष गेला, पौष गेला, उन्हाळा गेला. रोज त्याला वाटायचे, कोरडेच असेल. रोज वाटायचे, म्हणजे नसेलही.

भाद्रपदात गलबत परत आले. त्यातून बावेरूच्या वखारवाल्याने एकच गासडी परत धाडली होती आणि सोबत निरोप. बारा गासड्या कुजल्या, त्यांच्या घाणीने वखारीतले दुसरे कापडही नासले. वेळूगावचे विणकर वजन वाढवायला ओले कापड मधल्या गासड्यांत लपवतात. निळ्या कडेचे कापड आता बावेरूत उतरणार नाही.

राजाने सभा बोलावली. मधोमध ती गासडी ठेवली होती. गाठीवर मातीचा तळवा जसाच्या तसा. दोरी कापली तेव्हा असा काही वास सुटला, की लोकांनी नाकाला पदर लावले. कापड बोटाने धरले की फाटत होते, आणि त्यावर काळे ठिपके.

तांडेल म्हणाला, "महाराज, माझ्या गलबताच्या पोटात थेंबभर पाणी शिरलेलं नाही. बाकीचा माल खडखडीत उतरला. माझ्या चौदा खलाशांना विचारा."

मंत्री म्हणाला, "नाईक दहांतली एक गासडी बघतो. विणकरांना ते ठाऊक आहे. त्यांनी बरोबर मधल्या, हाताला न लागणाऱ्या भिजवल्या. महाराज, वेळूगावची कड बंदरातून बंद करावी. म्हणजे बाकीचे सुधारतील."

राजाने होकाराची मान हलवायला घेतली होती. तेवढ्यात सिरिमा पुढे आली. घाट उतरून आलेली, पायाला चिंध्या गुंडाळलेल्या.

"राजा, मी बांधली ही गासडी," ती म्हणाली. "प्रत्येक ठाण गालाला लावून बांधली. पण माझ्या गालाचा पुरावा तू कशाला धरशील? ह्या नाईकाला विचार. त्याचा हात आत गेला होता. मातीवर उमटलाय बघ." आणि मग ती त्याच्याकडे वळली. "नाईक, तुम्ही हात घातलात तेव्हा आत कोरडं होतं का ओलं, तेवढं एक सांगा. तुम्ही सांगाल ते मला कबूल."

सगळी सभा त्याच्याकडे बघू लागली.

बघा बरे, त्याच्यापुढे काय काय होते. तो म्हणाला असता 'कोरडं होतं', तर म्हातारी सुटली असती आणि तांडेल बुडाला असता. तो म्हणाला असता 'आठवत नाही', तर तांडेल सुटला असता आणि वेळूगावचे सगळे माग बंद पडले असते. दोन्हीकडून त्याचा शेला त्याच्या खांद्यावर राहिला असता. आणि त्याच्यावर एवढा विश्वास ठेवून म्हातारी उभी होती, तिला नुसते बघून त्याच्या कानांच्या पाळ्या जळायला लागल्या. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरे वाटले असते.

त्याने उपरण्याखालचा हात बाहेर काढला.

"माझा हात आत गेलाच नाही," तो म्हणाला. "तांडा पाण्यातून आला होता. मला सांगितलं होतं. गलबत चुकेल म्हणून मी एकही गासडी सोडली नाही, आणि चाळीसही गासड्यांवर तळवा दाबला. कापड कुजलं ते माझ्यामुळं. हे बोलायला मला दहा महिने लागले, आणि तेही ह्या बाईने विचारलं म्हणून."

मग मागून मल्लक पुढे आला, खाली बघत. "महाराज, उतार न बघता बैल मी घातले पाण्यात. मीही गप्प बसलो."

राजा चांगल्या मनाचा होता. त्याने नाईकाला जवळ बोलावले आणि हळू आवाजात म्हणाला, "माणूस एकदा चुकतो, नाईक. विणकर सुटले, तांडेल सुटला, पुरे झालं. बावेरूला निरोप धाडून देऊ, समुद्राचं पाणी लागलं म्हणून. समुद्र काही तक्रार घेऊन यायचा नाही. तुमची अब्रू राहील, बंदराचीही राहील."

"महाराज," नाईक म्हणाला, "त्या निरोपावर मोहोर माझीच लागेल ना?"

राजाने मान डोलावली.

"तिथल्या लोकांनी ह्या मोहरेवर विश्वास ठेवला आणि फसले. आता तिच्याच जोरावर मी काहीही लिहून पाठवलं, खरं असलं तरी, ते का मानतील? तोंडानंच सांगायला पाहिजे."

शेला त्याने तिथेच घडी करून ठेवला. मार्गशीर्षात वारा फिरला तेव्हा त्याच तांडेलाच्या गलबतात बसून तो निघाला. वीस वर्षे ज्याने समुद्रापार माल धाडला, तो स्वतः पहिल्यांदाच चालला होता. तांडेलाने त्याला वाटेत एकदाच टोमणा मारला. "आता कळलं का नाईक, गलबताच्या पोटात माल कसा घुसमटतो ते?" नाईक म्हणाला, "कळलं." बाकी दोघे गुण्यागोविंदाने गेले.

बावेरूच्या वखारीत कुजलेल्या गासड्या मागच्या भिंतीला टाकून ठेवल्या होत्या. वखारवाला भला मोठा माणूस होता, दुभाष्या मध्ये ठेवून बोलत होता. नाईकाने काही बोलण्याआधी एका गासडीची दोरी सोडली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. बाहेर काढला तेव्हा तो काळा झालेला. वखारीत माल घ्यायला आलेली माणसे नाक मुरडून बघत होती.

"हे शूर्पारकात करायचं राहून गेलं होतं," तो म्हणाला. दुभाष्याला ते दोनदा सांगावे लागले, कारण कोणी माल पोचवणारा असे सांगायला येईल, हे त्याच्या डोक्यात शिरेना. मग नाईकाने सगळे सांगितले. नदी, कातळ, ओहोटी, चाळीस मोहरा. विणकरांचा दोष नाही, तांडेलाचा नाही.

वखारवाल्याने त्या काळ्या हाताकडे बोट केले. मग म्हणाला, "हात धुवा आधी." आणि निळी कड पुन्हा उतरवायला त्याने होकार दिला. अट एकच घातली. मोहोर बदलायची नाही. तळवाच पाहिजे, पण ह्यापुढे आत जाऊन आलेला.

परत आल्यावर नाईक वेळूगावला गेला. सिरिमा ओट्यावर ठाण गुंडाळत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"बावेरूला जाऊन आलात म्हणे."

"आलो, माय. निळी कड आता उतरेल तिथे."

"तेही कळलं." तिने ठाण गालाला लावले, बाजूला ठेवले. "समुद्र ओलांडून सांगून आलात. घाट चढायला मात्र वर्ष लागलं."

ती म्हणाली ते खरे होते. लांबच्या माणसापुढे मान खाली घालणे सोपे होते.

"तुमच्या दाराशी यायला मला फार लाज वाटत होती," शेवटी तो म्हणाला.

"वाटू दे," म्हातारी म्हणाली. तिने शेजारची बांधलेली गासडी सोडली आणि त्याच्यापुढे सरकवली. "घाला हात."

त्याने घातला. कोपरापर्यंत. आत कोरडे होते, उबदार होते. तिथेच त्याच्या डोळ्यांना पाणी आले. म्हातारी म्हणाली, "कापडावर पाडू नका. आत्ताच तर वाळलंय." आणि पहिल्यांदा हसली.

बंदरावर परतल्यावर नाईकाने मोहोर बदलली नाही, पण कोरीवकाम करणाऱ्याकडून तळव्यावर आडवी एक रेघ मारून घेतली. मातीवर ती रेघ उमटे. नवा व्यापारी आला की विचारी, "नाईक, मोहोर तडकली का?" मग नाईक त्याला बसवून सगळी हकीकत सांगे, एक शब्द न गाळता, प्रत्येक वेळी कान लाल होऊन. मरेपर्यंत त्याने ती रेघ बुजवली नाही, आणि मरेपर्यंत त्याच्या मोहरेखाली ओली गासडी गेली नाही.

शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही गोष्ट जेतवनात का सांगितली, तेही ऐका. तिथे धम्मिल नावाचा भिक्खू होता. औषधी तेलाचे मडके त्याच्या हातून फुटले, आणि आळ आला झाडलोट करणाऱ्या वासवी म्हातारीवर. ती यायची बंद झाली. धम्मिल गप्प राहिला. शास्त्याला ते कळले होते, पण त्याने कोणाचे नाव घेतले नाही. गोष्ट संपवून तो एवढेच म्हणाला, "तेव्हाची सिरिमा ती आजची वासवी. तेव्हाचा तांडेल तो आज आपल्याला नदी पार करून देणारा नावाडी. मल्लक आज तुमच्यातच बसला आहे, त्याचे त्याला ठाऊक. आणि न बघता चाळीस मोहरा दाबणारा तो नाईक, तो मीच होतो."

हे सांगताना शास्त्याने उजवा हात मांडीवर उघडा ठेवला होता, असे म्हणतात.

धम्मिल सगळ्यांदेखत उठला आणि वासवीच्या घराकडे चालू लागला. घर जवळच होते. तरी वाटेत तो दोनदा थांबला, आणि दोन्ही वेळा पुन्हा चालू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी विहाराच्या अंगणात खराट्याचा आवाज आला.

आपण हिला लाज म्हणतो. शास्त्याने तिला ह्री म्हटले आहे, आणि ती जपून ठेवायला सांगितली आहे.